गार खोलीतले साहेब

बायको जाऊन वर्ष होत आलं. येणारा-जाणारा म्हणतो, काका, काकूंबद्दल काहीतरी सांगा. मी सांगायला तोंड उघडतो आणि तोंडातून भलताच माणूस बाहेर पडतो. गार खोलीतले साहेब. ऐकणाऱ्याला वाटतं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. फिरलं असंल. पण त्या साहेबांना वगळून मला हिची गोष्ट सांगता येत नाही, म्हणून आधी त्यांनाच कागदावर उतरवून टाकतो. माझी शाळा चौथीपर्यंत. वाकडंतिकडं गेलं तर चालवून घ्या.

आमचा कारखाना साखरेचा, कडेगावच्या अलीकडं. मी तिथं वायरमनच्या हाताखाली होतो. आणीबाणी नुकतीच उठली होती, तेव्हा आमच्या अध्यक्षांनी मुंबईत कुठंतरी कॉम्प्युटर बघितला आणि परत आल्यावर म्हणाले, आपल्यालाबी पायजे. मग एक दिवस ट्रकमधून मोठमोठी लाकडी खोकी आली. खोकी उतरायच्या आधी क्लीनरच्या बाजूनं एक उंच, वाळका माणूस उतरला. चैत्राचं ऊन, आणि ह्याच्या अंगात पूर्ण बाह्यांचा स्वेटर. चपला पायात नाहीत, हातात.

माझ्याशी ते पहिलं वाक्य बोलले ते हे. "खोकं आडवं करू नगंस. तुला आडवं करून मुंबईस्नं आणलं तर चालंल का?"

साहेब जतकडचे. मेंढरं राखणारं घर. पोरपणी मेंढरामागं, मग पलटणीत, आणि पलटणीत कुठल्याशा कचेरीत हे यंत्र शिकले. बोलणं आमच्यासारखंच, मधूनच कानडी शब्द. स्वेटरचं कारण मागून कळलं. मशीनला गारवा लागतो म्हणून एका खोलीत थंड हवेचं यंत्र बसवलं होतं, ते मीच जोडलं. साहेब दिवसभर त्या गार खोलीत. बाहेर आल्यावर स्वेटर काढायचा त्यांना कंटाळा. लग्नाला स्वेटरवर, मयताला स्वेटरवर.

पंचक्रोशीत तेवढी एकच खोली गार होती. त्यामुळं ज्याला त्याला तिथं काम निघायचं. हिशेबनीस यायचे, शेतकी खात्यातले यायचे, अध्यक्ष दुपारी जेवून डुलकी काढायला यायचे. साहेबांनी दारात पाण्याची बादली आणि तांब्या ठेवला. पाय धुवायचे, पुसायचे, मग आत. संचालक असो नाहीतर हमाल, साहेब खाली वाकून तळवा बघायचे. एकदा एका संचालकांच्या टाचेच्या भेगेत माती राहिली होती. साहेबांनी खिशातलं जुनं कार्ड काढलं आणि त्या कार्डाच्या कोपऱ्यानं भेग साफ केली. संचालक परत काही आले नाहीत.

ते कार्ड म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. जाड कागदाचं, पोस्टकार्डापेक्षा लांब, एक कोपरा कापलेला. एक बाई मशीनवर बसून आकडे दाबायची. आकडा दाबला की कार्डाला चौकोनी बारीक भोक. कुठं भोक आहे त्यावर आकडा कुठला ते ठरायचं. मग ही कार्डं एका यंत्राच्या वरच्या खोक्यात ठेवायची, ते यंत्र एकेक कार्ड आत ओढून भोकं वाचायचं. त्याला साहेब तोंड म्हणायचे. आणि पलीकडच्या भिंतीला दुसरं धूड, ते कागदावर छापायचं. त्याचा आवाज पत्र्यावर गारा पडल्यासारखा. त्याला साहेब हात म्हणायचे.

संचालक मंडळ बघायला आलं तेव्हा एकानं विचारलं, "ह्येचा मेंदू कुटं हाय?"

साहेबांनी कोपऱ्यातलं करडं कपाट दाखवलं. "ते तितं. पर त्येला कुलूप हाय, किल्ली मुंबईच्या कंपनीकडं. त्येचा नाद करू नका. ते कदी बिघडत न्हाई."

"मंग बिघडतं काय?"

"तोंड आन हात. म्हशीचं बघा. मधी पोटात काय चालतं ते आपून कदी बघतो का? पुढनं काय घातलं आन माघनं काय पडलं, एवढंच बघायचं. पुढनं वाईट घातलं तर माघनं चांगलं कुटनं पडंल?"

अध्यक्ष हसले, पण मागच्यामागं शेतकी अधिकाऱ्याला म्हणाले, "लाखाची म्हैस हाय ही, ध्यान ठिवा."

लोकांना वाटायचं हे मशीन विचारलं ते सांगतं. एक म्हातारा आपली हरवलेली शेळी कुठं आहे ते विचारायला आला होता. पाय धुऊन आला बिचारा. साहेबांनी त्याला खुर्ची दिली आणि म्हणाले, "आबा, ह्येला आदी आपून सांगावं लागतं. मंग ते आपल्यालाच परत सांगतं. शेळी कुटं हाय ते तुमी सांगा, मी छापून देतो." म्हातारा विचार करून म्हणाला, "म्हंजे आमच्या सरपंचावानीच की." साहेबांना हे इतकं आवडलं की त्यांनी त्याला चहा पाजला आणि दुपारभर शेळी शोधायला त्याच्याबरोबर ओढ्यानं फिरले. शेळी सापडली. मशीनच्या नावावर लागली. साहेबांनी किती सांगितलं, कुणी ऐकलं नाही.

कार्डं आत जाताना साहेब शेजारी उभं राहून तोंडानं आवाज काढायचे, मेंढरं वाड्यात घालताना काढतात तसा, जीभ टाळूला लावून. म्हणायचे, "एक अडकलं की माघली सगळी त्येच्या अंगावर चढत्यात. पुढचं नीट गेलं पायजे." घाईनं कुणी कार्डं भरायला लागलं की म्हणायचे, "निधान, निधान." कानडीत त्याचा अर्थ सावकाश. आणि छपाई पुरी झाली की त्या गारांच्या आवाजात ओरडायचे, "साकू." म्हणजे पुरे. मशीन त्यांच्या ओरडण्यानं थांबायचं नाही, बटण दाबावं लागायचं, पण ते आधी ओरडायचे आणि मग बटण दाबायचे. पावसाळ्यात कार्डं दमट व्हायची, फुगायची, तर साहेबांनी गावाकडनं काळं घोंगडं आणून कार्डांच्या कपाटावर टाकलं. लाखाचं मशीन आणि वर घोंगडं. मुंबईच्या कंपनीचा माणूस आला तो बघतच राहिला.

आता हिच्याकडं येतो.

मशीनवर बसायला दोन बाया पाहिजे होत्या. एक तलाठ्याची बायको मिळाली. दुसरी मिळेना. आमची ही मॅट्रिक होती. मी चौथी, ती मॅट्रिक, हे लग्नात कसं जमलं ते तिच्या बापाला विचारायचं राहून गेलं. साहेबांना कुणी सांगितलं, आणि ते संध्याकाळी आमच्या घरी आले. माझी आई उंबऱ्यात बसलेली. म्हणाली, "बाईमाणसानं कारखान्यात जायचं? तितं काय मोळ्या टाकायच्यात का?"

 ही तिथंच सुपात तांदूळ घेऊन खडे निवडत बसली होती. साहेबांनी आईला गावच्या जत्रेचं विचारलं. आई जत्रेचं सांगायला लागली, ही मधूनच आईला दुरुस्त करत होती, पालखी आधी निघते का नंतर वगैरे. साहेब जत्रा ऐकत नव्हते. ते हिची बोटं बघत होते. ही आईकडं बघून बोलत होती आणि बोटं खडे बाहेर काढत होती, न बघता.

"घेतली," साहेब म्हणाले.

"काय घेतली?" आई म्हणाली.

"सूनबाई. जीभ एकीकडं आन हात दुसरीकडं, दोनी बिनचूक. आवं, ह्ये शिकवून येत न्हाई."

आईला यातलं कळलं काहीच नाही, पण सुनेचं कुणीतरी घरी येऊन कौतुक केलं म्हटल्यावर तिला नाही म्हणता येईना. ही दुसऱ्या दिवसापासून रोजंदारीवर जायला लागली. मी सायकलवरून सोडायचो.

त्या कामात एक गंमत होती, आणि साहेबांचा सगळा स्वभाव त्या गमतीत होता. तलाठ्याची बायको कागदावरनं आकडे दाबून कार्डाला भोकं पाडायची. मग तेच कार्ड आणि तोच कागद आमच्या हिच्याकडं. ही दुसऱ्या मशीनवर तेच आकडे परत दाबायची, पहिलीनं काय दाबलं ते न बघता. दोघींचं जुळलं तर मशीन कार्डाच्या उजव्या कडेला एक बारीक खाच पाडायचं. नाही जुळलं तर तांबडा दिवा, आणि मशीन अडून बसायचं. खाच नसलेलं कार्ड साहेब तोंडात जाऊ द्यायचे नाहीत.

हे त्यांनी सगळ्या जगाला लावलं होतं. मला विचारायचे, "काल पाऊस कवा थांबला रं?" मी सांगायचो, दिवेलागणीला. मग आत जाऊन हिला विचारायचे. ही म्हणायची, जेवणं झाल्यावर. "तांबडा दिवा," म्हणून दोघांचंही सोडून द्यायचे. चहावाल्याला विचारायचे दूध ताजं आहे का, आणि मग त्याच्या बायकोला मागच्या दारानं जाऊन विचारायचे. एकदा ताप आला तर सांगलीच्या डॉक्टरकडं गेले आणि विट्याच्याही गेले. दोघांच्या गोळ्या जुळल्या नाहीत, म्हणून दोन्ही घेतल्या नाहीत. बरे झाले.

मी एकदा विचारलं, "साहेब, लगीन का केलं न्हाई?"

"पोरीला इचारलं, ती व्हय म्हणली. तिच्या आईला इचारलं, ती न्हाई म्हणली."

"मंग?"

"मंग काय. खाच पडली न्हाई."

हे ते हसत म्हणाले. ही मात्र हसली नाही. त्या दिवशी तिनं त्यांना जेवायला थांबवून घेतलं.

आमच्या घरात तर त्यांनी कहरच केला. मी आईला बाजारातून काय आणलं हे सांगायला लागलो की ही स्वयंपाकघरातून ओरडायची, "तांबडा दिवा." बायको मास्तरीण झाली होती माझी. आता मी घरात काय सांगेन ते खरं का खोटं हे बघायला कुणी नाही. मी म्हणेन तेच खरं. ह्याच्यात काही मजा नाही.

असो. त्या वर्षी दसऱ्याला सगळ्याचा निकाल लागायचा होता, तो सांगतो.

आमच्याकडं ऊस कुणाचा आधी तुटतो ह्याच्यावर भांडणं, मारामाऱ्या, सोयरिकी मोडतात. ज्याचा उशिरा तुटतो त्याचा रानात वाळतो, वजन उतरतं. नियम असा की ज्याची लागण, म्हणजे ऊस लावणं, आधी त्याची तोड आधी. पण पाळी ठरवायचे शेतकी खात्यातले, आणि संचालकांच्या भावकीचा ऊस कसा कोण जाणे दरवर्षी आधी पिकायचा. साहेब एकदा मिटिंगमध्ये म्हणाले, हे काम मशीनला द्या. लागणीची तारीख पुढनं घाला, पाळीचा कागद माघनं निघंल, मधी कुणाचा हात लागायचा न्हाई. सभासद शेतकरी समोर बसलेले. टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्यावर अध्यक्षांना हो म्हणावं लागलं. पण घरच्या माणसांनी कान भरले, तेव्हा त्यांनी अट घातली. दसऱ्याला बॉयलर पेटतो, त्या वेळी भिंतीवर कागद लागला पाहिजे. लागला तर मशीन राहील. नाही लागला तर मशीन परत, साहेब परत, दोन्ही बाया घरी.

ही त्या रात्री जेवताना मला म्हणाली, "मशीन गेलं तर मी परत शेणी थापायला. तुमाला चालंल. मला न्हाई."

म्हटलं, "मला का चालंल?"

"तुमाला सगळंच चालतं," ती म्हणाली. आणि ते खरं होतं. मला चाललं असतं. पण मी तिला त्या खोलीत बघितलं होतं. पदर खोचून, पाठ ताठ, कुणाकडं न बघता आकडे बडवताना. घरात ती कधी तेवढी ऐसपैस बसली नव्हती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. हत्यारांची पूजा. कारखान्यात अध्यक्ष स्वतः तबक घेऊन खात्याखात्यात फिरायचे. मिलला हळदकुंकू, बॉयलरला नारळ, वजनकाट्याला हार, आमच्या पान्या-पक्कडीलासुद्धा. फिरत फिरत गार खोलीत आले. मागं हमाल, फिटर, सगळी फौज. पाय धुऊन आले हे विशेष.

तोंडाचं झाकण उघडं होतं. साहेब त्याच्या आडवे आले.

"साहेब, सरका," अध्यक्ष म्हणाले. "पूजा करायची हाय."

"ह्यात हळद गेली तर वाचायचं बंद व्हईल. कुंकू ओलं असतंय. नारळ दारात फोडा."

"आवं, मिलला लावलं, बॉयलरला लावलं. ह्यो काय कारखान्याचा न्हाई? वरसाचा सण हाय, उपाशी ठिवता का ह्येला?"

मागनं फिटर म्हणाला, "पूजा न्हाई केली तर चालायचं न्हाई बगा साहेब."

साहेबांनी इकडंतिकडं बघितलं. मग दोन्ही हात पसरून त्या यंत्रावर पाठ टेकली आणि म्हणाले, "मशीन माज्या हवाली हाय. त्येच्या वतीनं मला लावा."

अध्यक्ष गमत्या माणूस. त्यांनी खरंच लावलं. कपाळाला हळद, कुंकू, गळ्यात झेंडूचा हार, आणि मूठभर अक्षता डोक्यावर. हमालांनी हात जोडले. एकजण पाया पडून म्हणाला, "पोराची नोकरी लागू द्या." साहेब स्वेटरवर हार घेऊन तसेच उभे. आमची ही तोंडाला पदर लावून भिंतीकडं वळली होती, पाठ हलत होती तिची. मला आजही ती हसताना आठवते ती त्या भिंतीकडं तोंड करून.

फौज गेली. साहेबांनी हार काढून खिडकीला अडकवला, कपाळ पुसलं आणि कामाला लागले. तलाठ्याची बायको सणाला माहेरी गेली होती, पण सगळ्या गावांची कार्डं तयार होती. आता फक्त तोंडात घालायची. अध्यक्षांच्याच गावाचा गठ्ठा घेऊन साहेब वाकले, कार्डं ठेवली, जिभेचा आवाज काढला.

साहेबांचे केस दाट, गुरफटलेले. तेल त्यांना ठाऊक नाही. त्या केसांत अक्षता बसल्या होत्या. वाकल्याबरोबर चार दाणे टपकले, सरळ तोंडात.

कर्रर असा आवाज आला. मागली कार्डं पुढल्यांवर चढली आणि बटण दाबेपर्यंत अख्ख्या गावाची कार्डं भाजलेल्या पापडासारखी वळून बाहेर आली. साहेबांनी केसांतून हात फिरवला. तळहातावर तांदूळ. 

"नारळच बरा व्हता," ते म्हणाले.

हिनं त्या गावाचा मूळ कागद ओढला, तलाठ्याच्या बायकोच्या खुर्चीत बसली आणि नवी कार्डं पाडायला लागली. साहेबांनी तोंडाचं झाकण काढलं, हिच्या केसातली पिन मागून घेतली आणि दाणे काढायला डोकं आत घातलं. बाहेर नुसते पाय.

मी म्हटलं, "आन खाच कोण पाडणार?"

आतनं आवाज आला. "तू बस."

"मी? मला काय कळतं?"

"मीटर वाचतोस का न्हाई? इंग्रजी आकडे येत्यात?"

"येत्यात."

"मंग बस. कळायची गरज न्हाई. कळायला लागलं की माणूस चुकतो."

मी म्हटलं, आजच्या दिवस खाचेशिवाय घाला की. तर आतले पाय हलले. "आन उद्या कुणी म्हणलं, ह्या बाईनं आपल्या मनानं आकडे भरले, तर? तिचं नाव जाईल, माझं न्हाई. बस म्हणतो ना."

मग बसलो. एका बोटानं दाबायचो. ही दहा कार्डं पाडायची तोवर माझं एक. ही म्हणायची, "भाकरी खाऊन या वाटलं तर, तवर मी तुमचं पन करते." आणि मध्येच तांबडा दिवा लागायचा.

"तुमचं चुकलं," ही न बघताच म्हणायची.

"कशावरनं?"

"तुमचंच चुकतंय." आणि बघितलं की माझंच चुकलेलं.

दुपार कलली. परत तांबडा दिवा. ही म्हणाली, "चुकलं तुमचं." मी म्हटलं, "न्हाई. ह्यो साताय, एक न्हाई." ती म्हणाली, एक आहे. मी म्हटलं, सात. आवाज चढले. साहेबांनी डोकं बाहेर काढलं, नाकाला काळं लागलेलं. "भांडू नगा. कागूद दावा." कागद उजेडाला धरला. सात होता. त्या आकड्याला वर बारीक शेंडा होता.

साहेब हिला म्हणाले, "ताई, गडी बरोबर हाय."

हिनं कार्ड फाडलं, नवं घातलं. जरा वेळानं खाली बघूनच म्हणाली, "एकदा."

दिवेलागणीला संपलं. साहेबांनी गठ्ठा हातात घेतला आणि उजव्या कडेवरनं अंगठा फिरवला. सगळ्या खाचा एका रेषेत, मधे कुठं उंचवटा नाही.  मला तंबाखूची चंची दिली, जी ते कुणाला द्यायचे नाहीत.

दसऱ्याला सकाळी छपाईच्या गारा पडल्या, साहेब ओरडले साकू, आणि घडी-घडीचा लांबलचक कागद निघाला. मी खळ लावून कचेरीच्या भिंतीला चिकटवला. बाहेर बॉयलरपाशी मांडव, अध्यक्ष आणि त्यांच्या मंडळी जोडीनं पूजेला बसायच्या होत्या. शेतकरी कागदाला चिकटले. ज्याला वाचता येत होतं तो मोठ्यानं वाचत होता. पहिलं नाव एका विधवा बाईचं निघालं, तिची लागण सगळ्यात आधीची. अध्यक्षांचं नाव वाचणाऱ्याला सापडेना. खाली, खाली, पार खाली सापडलं.

अध्यक्ष गार खोलीत आले. पाय न धुता. मी तिथंच होतो, ही पण होती.

"साहेब, आमचं नाव कुटं घातलं?"

"मी न्हाई घातलं. तारीख जिथं पडली तिथं पडलं."

"तारीख चुकलीया. आमची लागण नागपंचमीची. कागदावर संक्रांतीनंतरची धरलीया कुनीतरी. दुरुस्त करा आन परत छापा. मी पूजेला बसूस्तवर."

साहेब म्हणाले, "करतो की. जरा थांबा." आणि स्वेटर खाली ओढत सरळ मांडवात गेले. मी मागोमाग. अध्यक्षांच्या मंडळी पाटावर बसलेल्या, नऊवारी, नाकात नथ. भोळी, मोठ्या आवाजाची बाई. साहेब समोर उकिडवे बसले.

"वयनी, एक इचारतो. तुमच्या ओढ्याकडच्या रानात नागपंचमीला काय व्हतं हो गेल्या वरसी?"

"नागपंचमीला? भुईमूग की." मांडवभर ऐकू गेलं. "गणपतीत मीच बाया लावल्या न्हवत्या का शेंगा तोडायला? ऊस तिथं संक्रांत झाल्यावर लावलाय. माज्या भावाचं लगीन झालं आन दुसऱ्या दिवशी ह्यांनी लागण काढली, मला माहेरात राहू पन दिलं न्हाई."

अध्यक्ष मांडवाच्या दारात उभे होते. सगळे शेतकरी त्यांच्याकडं बघायला लागले. कुणीतरी मागनं फिस्सकन हसलं, मग ते हसू थांबेचना. वयनी म्हणाल्या, "का, काय झालं? मी काय खोटं बोलले?"

अध्यक्ष पाटावर येऊन बसले. फेटा नीट केला. "न्हाई," म्हणाले, "खरं बोललीस. भटजी, चालू करा." कागद तसाच राहिला. बॉयलर पेटला.

दिवाळीच्या आत अध्यक्षांनी साहेबांना बोलावलं. मी तिथं पंखा दुरुस्त करत होतो, म्हणून ऐकलं.

"मशीन ठिवतो," अध्यक्ष म्हणाले. "शब्द हाय माझा. पर तुमास्नी न्हाई ठिवता येत. तुमी ऱ्हायला तर मी बाहीर एक बोललो की तुमी घरात जाऊन आमच्या हिला इचारणार. मला जगायचं हाय."

साहेबांनी विचार केला. "बायास्नी कायम करा. मंग जातो."

"दोघीस्नी?"

"एकीनं खाच पडत न्हाई."

अध्यक्षांनी कपाळाला हात लावला, पण सही केली. मी शिडीवरच होतो. खाली उतरायचं सुचेना.

साहेबांना साताऱ्यात एका कचेरीत टेलिप्रिंटरवर काम मिळालं. ज्या दिवशी गेले त्या दिवशी त्यांची ट्रंक मी सायकलवर घालून एसटी थांब्यावर नेली. ते बाजूनं चालत, स्वेटर घालून.

"ताई आल्या न्हाईत?"

"डुटीवर हाय."

"बरं झालं. उठायचं न्हाई खुर्चीवरनं." मग म्हणाले, "साताऱ्यात मजा हाय गड्या. तितं तोंड एका गावात आन हात दुसऱ्या गावात. हितं बडवलं की पुण्यात छापतंय."

"मंग तितं कुणाचं खरं धरणार?"

"बघू," म्हणाले. गाडी आली. परत गाठ पडली नाही. असतील तर नव्वदीत असतील. नसतीलच.

येताना कारखान्याच्या मागच्या रस्त्यानं आलो. गार खोलीची खिडकी बंद असायची, पण आवाज यायचा. आत ही बडवत होती. घाई नव्हती त्या आवाजात, आणि थांबणंही नव्हतं. मी सायकलला टेकून उभा राहिलो तो भोंगा होईपर्यंत.

घरी आल्यावर तिनं विचारलं, "गेले?"

"गेले."

तिनं चूल पेटवली. थोड्या वेळानं म्हणाली, "मी आता कायमची हाय. उद्यापासनं माझीबी भोंग्याची वेळ. डबं दोन लागतील. पीठ तुमी मळायचं."

आई माजघरातून म्हणाली, "गड्यानं पीठ मळायचं?"

"व्हय," ही म्हणाली. आणि आईला म्हणाली, "तुमी निवांत बसा."

तेव्हापासून मी पीठ मळतो. ती थापायची. कार्डं गेली, मशीन गेलं, पुढं पडदा असलेली मशीनं आली, ती त्याच्यावरही बसली आणि साठीला सन्मानानं बाहेर पडली. पीठ मीच मळत राहिलो. आता थापतोबी मीच, जाडजूड होते, कडा फुटतात. पण ते जमंल. जमत नाही ते एवढंच, की परात पुढं घेतली की हात डब्यातून अजून दोघांचं पीठ काढतो.